लोकांचा हिस्सा : मराठी ग्रंथालयांच्या इतिहासातील एक प्रकरण

ग्रंथालयाचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे लेखकाची दृष्टी साहजिकच प्रथम ग्रंथांकडे वळते. संग्रही पोथ्या किती, दुर्मिळ छापील पुस्तके किती, कोणत्या नामवंताचा संग्रह कोणत्या साली दाखल झाला, हे तो मोठ्या आस्थेने नोंदवितो. ग्रंथांनंतर ती दृष्टी दात्यांकडे जाते, कारण त्यांची नावे दरवाज्यावरील शिळेवर कोरलेली असतात व ती वाचण्यास प्रयास पडत नाहीत. परंतु ज्या शेकडो माणसांनी महिन्याच्या महिन्याला आपल्या बेताच्या मिळकतीतून वर्गणी भरली, कचेरीतून किंवा शाळेतून परतल्यावर ज्यांनी विनावेतन पुस्तकांची देवघेव केली आणि वर्षअखेरीस शिलकेचा आकडा जुळेपर्यंत ज्यांनी हिशेबाची वही मिटली नाही, त्यांची नोंद कोणत्याही शिळेवर नसते. ती सापडलीच तर जुन्या पावती-पुस्तकांत आणि वार्षिक सभांच्या इतिवृत्तांत सापडते. मराठी ग्रंथालये या अनाम मंडळींनी कशी जगविली आणि त्यांनी हात आखडता घेतला म्हणजे काय होते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आपल्याकडे विद्येला राजाश्रय ही कल्पना जुनी आहे. तंजावरच्या मराठी राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजी महाराजांनी, सरस्वती महाल ग्रंथालयात जो संग्रह केला, तो या राजाश्रयाचा उत्तम नमुना होय. पण राजाचे ग्रंथालय हे राजाचेच असते. राज्य खालसा झाले की त्याचे पुढे काय, हा प्रश्न उभा राहतोच. सरस्वती महाल सर्वसामान्यांस खुले झाले ते १९१८ मध्ये, म्हणजे सरफोजींच्या निधनानंतर तब्बल शहाऐंशी वर्षांनी. ग्रंथालयाला लोकांनी पोसावे व ते लोकांनीच चालवावे, ही कल्पना निराळी आहे. पाश्चात्य देशांत तिचे एक प्रसिद्ध उदाहरण बेंजामिन फ्रँकलिनचे आहे. १७३१ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्याने पन्नास वर्गणीदार मिळविले, प्रत्येकाकडून आरंभी चाळीस शिलिंग व पुढे दरसाल दहा शिलिंग घेण्याचे ठरविले आणि त्या पैशांतून ग्रंथ मागविले. एकट्याला जे परवडत नाही ते पन्नासांना परवडते, हा त्यातील साधा हिशेब होता.

हाच हिशेब महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजला. पेशवाई संपून पुरती दहा वर्षे झाली असता १८२८ मध्ये रत्नागिरीस ग्रंथालय निघाले. १८३८ मध्ये अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आणि १८४० मध्ये नाशिकास वाचनालय स्थापन झाले. पुण्याचे ग्रंथालय १८४८ मधले. त्याच्या उभारणीशी लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचे नाव निगडित आहे, आणि त्याच साली त्यांची शतपत्रे 'प्रभाकरा'त प्रसिद्ध होऊ लागली, हा योगायोग नव्हे. समाजाने वाचावे असा आग्रह धरणाऱ्या माणसाने वाचावयाची सोयही करावी, हे ओघानेच आले. कोल्हापुरात १८५० मध्ये, कल्याणास १८६४ मध्ये, आणि वऱ्हाडात अकोला व अमरावती येथे १८६० च्या दशकात अशीच वाचनालये उघडली. त्यांपैकी कित्येकांचे मूळ नाव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असे होते. पुढे 'नगर वाचनालय', 'नगर वाचन मंदिर', 'सार्वजनिक वाचनालय' अशी नावे आली. नावातला हा बदल केवळ भाषेचा नाही. संस्था कोणाची, या प्रश्नाचे उत्तर त्यात बदललेले दिसते.

या पहिल्या पिढीचे गुण सांगताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ही ग्रंथालये 'जनरल' म्हणविली जात, परंतु वर्गणी देऊ शकणारा आणि इंग्रजी अमलात नव्याने शिकलेला वर्ग एवढेच त्यांचे जग होते. स्त्रिया, कष्टकरी आणि ज्यांना गावाच्या विहिरीवरही मज्जाव होता अशी माणसे या जगाच्या बाहेर होती. वर्गणीने दार उघडते, तसेच ते बंदही करते. ज्याच्यापाशी वर्गणी नाही त्याच्यासाठी ग्रंथालय कसे चालवावयाचे, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. तो पुढे बडोद्यात विचारला गेला.

तत्पूर्वी ठाण्याची हकीगत सांगितली पाहिजे. १८९३ च्या जून महिन्यात ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. त्याचे प्रमुख संस्थापक विनायक लक्ष्मण भावे हे त्या वेळी बावीस वर्षांचेही नव्हते. पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून मराठी वाङ्मयेतिहासाचा पाया घालणारे भावे ते हेच. तोवरची ग्रंथालये प्रामुख्याने इंग्रजी ग्रंथांवर भर देणारी होती, आणि मराठी पुस्तके त्यांत एखाद्या कपाटापुरती असत. ठाण्याच्या संस्थेने उलट पण केला. येथे मराठी ग्रंथच जमवावयाचे, आणि मिळतील तेवढे सारे जमवावयाचे. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. या दोन संस्थांनी ग्रंथालयाच्या कल्पनेत एक नवे कर्तव्य घातले. वाचकांची आजची भूक भागविणे हे एक काम, आणि भाषेचे दप्तर उद्यासाठी राखणे हे दुसरे.

हे दुसरे काम किती मोलाचे, याचा प्रत्यय शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'वरून येतो. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची नोंद करणारा तिचा पहिला भाग १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका माणसाच्या ध्यासाचे उदाहरण म्हणून आपण दात्यांचे नाव घेतो, आणि ते घ्यावयासच हवे. पण सूची करावयास पुस्तक प्रत्यक्ष हाती यावे लागते. दीडशे वर्षांची पुस्तके हाती यावीत यासाठी ती कोणीतरी, कोठेतरी, वाळवीपासून व रद्दीवाल्यापासून वाचवून ठेवलेली असावी लागतात. गावोगावच्या वर्गणीदारांनी आणि अवेतनी कार्यवाहांनी ही राखण केली नसती, तर दात्यांच्या अंगच्या चिकाटीस काम करावयास साधनच उरले नसते. विद्वानाच्या ग्रंथामागे असा हा न दिसणारा लोकाश्रय उभा असतो.

आता बडोद्याकडे वळू. सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सोडल्यावर मुलाच्या हाती पुस्तक राहिले नाही, तर चार वर्षांत तो अक्षरे विसरतो, हे त्यांच्या लक्षात आले. यावर उपाय म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम अॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि राज्याचे स्वतंत्र ग्रंथालय खाते उघडले. बोर्डन यांनी ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्गही बडोद्यातच सुरू केला. महाराजांनी आपला खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास दिला. तेथे स्त्रियांसाठी व मुलांसाठी निराळे विभाग झाले, आणि खेड्यापाड्यांत ग्रंथांच्या फिरत्या पेट्या विनामूल्य जाऊ लागल्या. १९१२ पासून काही वर्षे 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक बडोद्याहून निघत असे, आणि त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. या चळवळीत जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्यासारख्या मराठी माणसाचा वाटा मोठा होता. खेड्यातील वाचनालयांच्या कामी मोतीभाई अमीन या गुजराती शिक्षकाने केलेला उद्योग तर सरकारी खाते निघण्यापूर्वीचा आहे. मित्रमंडळे स्थापून त्यांच्यामार्फत त्यांनी वाचनालये काढावयास आरंभ केला होता.

बडोद्याच्या या व्यवस्थेतील सर्वांत विचारार्ह गोष्ट म्हणजे तिचा तिहेरी हिशेब. गावाला ग्रंथालय हवे असेल तर खर्चाचा एक हिस्सा गावकऱ्यांनी वर्गणीने उभा करावयाचा. तो उभा झाला की दुसरा हिस्सा स्थानिक पंचायतीने अथवा नगरसंस्थेने घालावयाचा आणि तिसरा राज्य सरकारने. महाराजांच्या खजिन्यास संपूर्ण खर्च झेपला नसता असे नाही. परंतु ज्या ग्रंथालयात गावाचा पैसा नाही त्यावर गावाची माया बसत नाही, हे त्या राज्यकर्त्याने ओळखले होते. अँड्र्यू कार्नेगी याने जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारतींस पैसा दिला, त्याचीही अट याच धर्तीची होती. जागा गावाने द्यावी आणि इमारतीस मिळालेल्या रकमेच्या दहाव्या हिश्शाइतका खर्च दरसाल गावानेच सोसावा. कार्नेगीने इमारत दिली व पुढचा भार गावावर टाकला. सयाजीरावांनी आधी गावाकडून हात पुढे करविला व मग आपला हात दिला. दोहोंतील भेद सूक्ष्म आहे, पण मला बडोद्याची रीत अधिक शहाणपणाची वाटते. कारण तीत लोकांचा हिस्सा शेवटी मागितला जात नाही. आरंभच त्याने होतो.

यानंतरचा काळ समित्यांचा व कायद्यांचा आहे. १९३९ मध्ये मुंबई सरकारने आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली आणि तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची योजना सुचविली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रास प्रांताचा कायदा १९४८ मध्ये झाला. त्यामागे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे परिश्रम होते, आणि त्यात मालमत्तेच्या करावर ग्रंथालय-उपकर बसविण्याची तरतूद होती. महाराष्ट्राने १९६७ मध्ये जो कायदा केला त्याची वाट वेगळी होती. त्याने उपकर बसविला नाही, आणि गावोगावची ग्रंथालये सरकारने आपल्या ताब्यातही घेतली नाहीत. नागरिकांच्या नोंदणीकृत संस्थांनी ती चालवावीत, सरकारने त्यांना मान्यता द्यावी, वर्ग ठरवावा आणि अनुदान द्यावे, असे ठरले. म्हणजे शंभर-दीडशे वर्षांच्या लोकाश्रयाला कायद्याने आपलेसे म्हटले.

या मार्गाचा लाभ फार मोठा झाला. हजारो गावांत ग्रंथालये पोचली. परंतु औषध जास्त झाले तर बाधते, तसे अनुदानाचेही आहे. लोकांच्या हिश्शाला पूरक म्हणून जे द्यावयाचे, तेच जेथे सर्वस्व होऊन बसले, तेथे वर्गणीदार नावापुरता उरला, आणि वर्गणीदार नावापुरता उरला की ग्रंथालयही नावापुरते उरावयास वेळ लागत नाही. २०१२ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यभरच्या ग्रंथालयांची पडताळणी केली, तेव्हा काही ग्रंथालये केवळ कागदावर असल्याचे उघड झाले. याचा दोष कायद्यास देऊन मोकळे होता येणार नाही. जेथे पन्नास माणसे आपल्या पैशाचा हिशेब विचारावयास दरसाल सभेला येतात, तेथे कागदी ग्रंथालय जन्मासच येऊ शकत नाही.

येथवर जे लिहिले ते पुस्तकांच्या आधारे. आता थोडे घरचे लिहितो. आमचा बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला व शिवनी यांचे भाग जोडून निर्माण झाला. इंग्रजी अमलात तो नागपूर विभागात होता. स्वातंत्र्यानंतरच्या मध्यप्रदेशची राजधानी नागपूर असताना मराठी व हिंदी या दोन्ही राज्यभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. वैनगंगा पूर्वीसारखीच खाली भंडाऱ्याकडे वाहत राहिली. गोंदिया येथून चाळीसएक किलोमीटरांवरच राहिले. तथापि शाळेची भाषा हिंदी, घरची मराठी आणि शेतशिवारात पोवारी वा गोंडी, अशी आमची रीत झाली. यात तक्रारीचे काही नाही, कारण हिंदीने आम्हांस पुष्कळ दिले आहे. सांगावयाचे ते इतकेच की, महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याची सावली आमच्या मराठी कपाटांवर कधी पडली नाही. येथे मराठी पुस्तक टिकले असेल तर ते केवळ लोकांच्या हिश्शावर.

माझ्या लहानपणी एका मराठी मंडळींच्या वाचनालयात वडिलांचे बोट धरून मी जात असे. एक खोली, चार कपाटे, भिंतीवर घड्याळ आणि दारापाशी चपलांची रांग. पुस्तके देणारे गृहस्थ निवृत्त कारकून होते. त्यांना कोणी पगार देत नसे, आणि पान दुमडून आणलेले पुस्तक परत घेताना ते मुलांची चांगली हजेरी घेत. छोट्या रेल्वेने नागपूरहून नव्या पुस्तकांचे पार्सल आले की त्या दिवशी मोठी माणसेही मुलांसारखी दाटी करीत. पुढे हे गृहस्थ वारले. त्यांच्या जागी दोन-तीन जण आळीपाळीने बसू लागले, नंतर कोणीच बसेना. विश्वस्त होते, पण त्यांतील काही गाव सोडून गेलेले आणि काही दिवंगत. त्यांच्या जागा कोणी भरल्याच नव्हत्या. वार्षिक सभा एक साल राहिली, मग दुसरे साल राहिली, आणि मग ती भरवावयाची असते हेच सर्व विसरले. एका पावसाळ्यात छप्पर गळाले. डागडुजीस लागणारी रक्कम फार मोठी नव्हती, पण ती मागावयाची कोणी आणि कोणाच्या नावाने पावती फाडावयाची, हे ठरेना. वही कोणाकडे आहे, हेही कोणास सांगता येईना. शेवटी भिजलेली पुस्तके वजनावर गेली. त्यांत काय होते हे आता कळण्यास मार्ग नाही, कारण दाखलनोंदीचे पुस्तकही त्याच ढिगात गेले.

या गोष्टीत दुष्ट कोणीही नाही. मी तरुण होतो, गावातच होतो, आणि मीही त्या छपराखाली बादली घेऊन गेलो नाही, हे कबूल केले पाहिजे. पण तिच्यातून इतिहासाचा जो धडा मिळतो तो स्पष्ट आहे. संस्था पैशावाचून मरते असे आपण म्हणतो. ती त्याआधीच, वारस नेमण्याचे राहून गेले की मरते. विश्वस्त हा शब्दच पाहा. ज्याच्यावर विश्वास टाकला तो विश्वस्त. तो मालक नव्हे आणि शोभेचा पाहुणाही नव्हे. मुंबई राज्याचा १९५० चा आणि मध्यप्रदेशचा १९५१ चा सार्वजनिक न्यासांचा कायदा त्याच्याकडून नोंदणी व हिशेब मागतो, ते त्याला त्रास द्यावा म्हणून नव्हे. ज्याने चार आणे दिले त्याला आपले चार आणे कोठे गेले हे विचारण्याचा अधिकार आहे, एवढेच त्या कायद्यांचे सार आहे.

स्वयंसेवकांविषयीही असेच म्हणता येईल. अवेतनी सेवा ही फार थोर गोष्ट आहे, परंतु ती एकाच माणसाच्या अंगावर पडली की ती त्या माणसाबरोबर जाते. जी सार्वजनिक वाचनालये शंभर-दीडशे वर्षे टिकली, त्यांत एकामागून एक कार्यकारी मंडळे निवडून येत गेली, भांडणेही झाली, वर्तमानपत्रांत पत्रापत्रीही झाली. बाहेरच्यास ती भांडणे क्षुद्र वाटतात. पण ज्या वाचनालयाच्या निवडणुकीत भांडण होते, ते वाचनालय कोणाला तरी हवे आहे, असा त्याचा अर्थ आहे. आमच्या त्या खोलीवरून कधीही भांडण झाले नाही.

निधी जमविण्याची आमची जुनी साधने सोपी होती : गणेशोत्सवात ग्रंथपेटी ठेवणे, नाटकाचा एक प्रयोग वाचनालयाच्या मदतीसाठी लावणे, लग्नमुंजीच्या अहेरात वाचनालयाचा एक रुपया बाजूस काढणे. ही साधने आजही निरुपयोगी झालेली नाहीत. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ मध्ये स्थापन झाले. राज्याने आपला वाटा घातला की तितकीच भर घालावयाची, असे त्याच्या काही योजनांचे तत्त्व आहे, म्हणजे बडोद्याचाच हिशेब निराळ्या रूपाने. सातारा जिल्ह्यातील भिलार गावी २०१७ मध्ये शासनाने 'पुस्तकांचे गाव' उभारले, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या घरांच्या खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या करून दिल्या. हाही लोकांचा हिस्साच. तो पैशाच्या रूपाने आला पाहिजे असे नाही. खोलीच्या रूपाने येतो, संध्याकाळच्या दोन तासांच्या रूपानेही येतो.

आमच्या शाळेत आता एक मराठी कपाट आहे. त्यात निवृत्त शिक्षकांनी, परगावी गेलेल्या लेकी-जावयांनी आणि काही माजी विद्यार्थ्यांनी दिलेली पुस्तके आहेत. त्याचे दाखलनोंदीचे पुस्तक आम्ही दोन प्रतींत ठेवतो आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरी असते. किल्ली तिघांपाशी असून त्यांतील एक जण नेहमी तिशीच्या आतला असावा, असा नियम केला आहे. दरसाल मकरसंक्रांतीनंतरच्या रविवारी सर्व वर्गणीदारांसमोर हिशेब वाचून दाखविला जातो. रक्कम इतकी लहान असते की ऐकणाऱ्यांस हसू येते. तरीही आम्ही शेवटच्या रुपयापर्यंत ती वाचतो.

रत्नागिरीच्या किंवा ठाण्याच्या पहिल्या वर्गणीदारांना आपण इतिहास घडवीत आहोत असे वाटले असेल, असे मला वाटत नाही. त्यांनी वर्गणी भरली, पावती घेतली आणि पुस्तक घेऊन ते घरी गेले. पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले. ग्रंथालयाचा सारा इतिहास त्या पुन्हा येण्यात आहे. ज्या गावांत मराठी ही राज्याची भाषा उरली नाही, तेथे तर ती टिकून राहणे पुष्कळसे त्यावरच अवलंबून आहे. अकादमीच्या सभासद बंधुभगिनींना विनंती इतकीच, की आपल्या गावच्या वाचनालयाची मागील वार्षिक सभा केव्हा झाली, हे त्यांनी एकदा जाऊन विचारावे. उत्तर देणारा कोणी भेटला तर त्या सालची वर्गणी तेथेच भरावी, आणि कोणीच भेटला नाही तर पुढील सभा आपणच बोलवावी.